फर्स्ट मेट म्हणजे नेमकं काय?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई, आणि तीस वर्षांनी एकमेकांना नावाची चिठ्ठी वाचून ओळखणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘एआय आणि आपल्या मुलांचं करिअर’. मी सिएटलला सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. तो मी आज सकाळी चहाच्या वेळी त्यांची परवानगी घेऊन बदलला. कारण काल रात्री जेवताना निदान दहा-अकरा जणांनी मला विचारलं, “मुलगी काय करते गं?” मी म्हटलं, “जहाजावर आहे.” पुढचा प्रश्न ठरलेला, “म्हणजे नेव्हीत?” नाही म्हटलं की, “मग मर्चंट नेव्हीत?” तेही तसं नाही म्हटलं की समोरचा माणूस ताटातल्या सोलकढीकडे बघायला लागायचा. तर सगळ्यांना एकदमच सांगते.

माझी लेक एकोणीस वर्षांची आहे. कॉम्प्युटर सायन्सचं एक वर्ष करून तिने कॉलेज सोडलं आणि अलास्कात चालणाऱ्या एका छोट्या क्रूझवर ती डेकहँड म्हणून लागली. डेकहँड म्हणजे आपल्या भाषेत खलाशी. जहाजावर प्रवासी साधारण सत्तर, आणि हिचं काम दोर बांधणं, रेलिंग धुणं, कयाक पाण्यात सोडणं, रात्री गस्त घालणं. तिला पुढे फर्स्ट मेट व्हायचं आहे. माझी आई इथे अलिबागलाच असते, तिने फोनवर एकच वाक्य म्हटलं, “एवढं इंग्रजी शाळेत शिकून शेवटी लादीच पुसणार?” मी आईला काही उत्तर दिलं नाही, कारण त्या वेळी माझंही मत फार वेगळं नव्हतं.

पण मी इंजिनिअर आहे. ज्या गोष्टीची धास्ती वाटते तिची कागदपत्रं वाचायची, ही सवय लागलेली. मी नियम वाचले, अपघातांचे चौकशी अहवाल वाचले, आणि गेल्या ऑगस्टमध्ये पूर्ण तिकीट काढून आठ दिवस त्याच जहाजावर राहून आले. कर्मचाऱ्यांच्या आईला सवलत मिळते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आधी नावाचा घोळ. मोठ्या जहाजांवर कॅप्टनच्या खालच्या माणसाला चीफ ऑफिसर किंवा चीफ मेट म्हणतात, आणि फर्स्ट ऑफिसर त्याच्याही खाली असतो. आपण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना ‘टायटॅनिक’ पाहिला, त्यात धडक झाली त्या वेळी ब्रिजवर होता तो मर्डॉक फर्स्ट ऑफिसर. त्याच्यावर वाइल्ड नावाचा चीफ ऑफिसर होता. आजच्या राक्षसी क्रूझवर तर कॅप्टनच्या खाली स्टाफ कॅप्टन नावाचं आणखी एक पद असतं. छोट्या जहाजावर ही उतरंड परवडत नाही. तिथे कॅप्टन आणि मेट, फार तर एक सेकंड मेट, खाली इंजिनिअर. म्हणजे मोठ्या जहाजावर चार-पाच माणसांत वाटलेलं काम छोट्या जहाजाच्या फर्स्ट मेटच्या एकट्याच्या डोक्यावर येतं. कॅप्टन आजारी पडला तर जहाज त्याचं किंवा तिचं.

आपल्याकडच्या जुन्या गलबतांवर, आणि पुढे गोऱ्या साहेबाच्या जहाजांवर काम करणाऱ्या आपल्या खलाशांच्या बोलीत, मेटला ‘मालम’ म्हणत. तांडेल, सारंग हे शब्द आपल्याला कोळीवाड्यामुळे माहीत आहेत. मालम मात्र मागे पडला. शब्द मूळ अरबी, मुअल्लिम, म्हणजे शिकवणारा. सर, बाई, तुमच्याच जातकुळीचं पद आहे हे! आणि ते बरोबरही आहे. मी पाहिलेल्या मेटच्या दिवसातला मोठा भाग नव्या पोरांना शिकवण्यातच जात होता.

ती मेट पस्तिशीची बाई. तिची पाळी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ आणि पुन्हा रात्री १२ ते सकाळी ६. उरलेले सहा-सहा तास कॅप्टनचे. प्रवाशांचं जहाज दिवसा कुठेतरी नांगर टाकून उभं राहतं, लोक कयाक चालवतात, अस्वलं बघतात, जेवतात, झोपतात. आणि जहाज पुढच्या जागी जातं ते रात्री. म्हणजे सगळे घोरत असताना जहाज चालवायचं काम मेटचं. पाळी संपली की लगेच अंथरूण, असं नाही. लॉगबुक भरायचं, पाण्याच्या आणि इंधनाच्या टाक्यांचे आकडे बघायचे, नांगराच्या यंत्राला ग्रीस लागलं का बघायचं, छोट्या बोटींच्या इंजिनांचं बघायचं, खलाशांच्या पाळ्या लावायच्या, दोघांचं भांडण मिटवायचं. आमच्या कंपनीत या कामांसाठी चार वेगवेगळे मॅनेजर आहेत आणि तरी भांडण मिटत नाही.

पाळी देण्याघेण्याची पद्धत मला सगळ्यात आवडली. रात्री बाराला पाळी असेल तर मेट बाराला येत नाही, पंधरा मिनिटं आधी येते आणि अंधाऱ्या ब्रिजवर नुसती उभी राहते. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत जहाज ताब्यात घ्यायचं नाही, असा नियमच आहे. मग कॅप्टन सांगतो: आपण इथे आहोत, वेग इतका, समोर ती मासेमारीची बोट, वारा असा, पुढचं वळण अमुक दिव्याशी. ती सगळं परत म्हणून दाखवते. मग तोंडाने स्पष्ट सांगायचं की आता जहाज माझ्याकडे आलं. जहाज वळणाच्या मध्यात असेल तर वळण पुरं होईपर्यंत ताबा बदलायचा नाही. आणि येणारा माणूस प्यायलेला, आजारी किंवा गळून गेलेला वाटला तर त्याच्या हातात जहाज द्यायचंच नाही, वरच्याला कळवायचं. हे सौजन्य म्हणून नाही, आंतरराष्ट्रीय नियमात लिहिलेलं आहे. रात्री तीनला मोबाइल वाजल्यावर अर्धवट झोपेत सर्व्हर सुरू करणाऱ्या आम्हा मंडळींना यातलं बरंच घेण्यासारखं आहे.

आता भरती-ओहोटी. हा विषय अलिबागच्या माणसांना सोपा जावा. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी बघून निघायचं, आणि पाणी चढायच्या आत परतायचं, हे आपल्याला पाचवीतच कळलेलं होतं. अलास्काच्या त्या भागात पाण्याच्या पातळीतला फरक पंधरा-वीस फुटांचा असतो. तिथे रँगल नॅरोज नावाची एक खाडीवजा वाट आहे, सुमारे २२ मैल लांब, काही ठिकाणी इतकी अरुंद की मोठ्या क्रूझ तिथून जातच नाहीत. दिवे आणि बोये मिळून साठाहून अधिक खुणा. रात्री लाल-हिरवे दिवे लुकलुकतात म्हणून तिथले लोक तिला ख्रिसमसच्या झाडाची गल्ली म्हणतात. गंमत अशी की भरतीचं पाणी दोन्ही टोकांनी आत शिरतं आणि मध्ये कुठेतरी भेटतं. म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत प्रवाह मागून ढकलतो आणि मग समोरून अडवतो. आत किती वाजता शिरायचं हा हिशेब मेटचा. ती बाई तो कागदावर पेन्सिलने करत होती. समोर तीन पडदे होते, त्यावर तोच हिशेब आयता दिसत होता. मी विचारलं, मग हे कशाला? ती म्हणाली, “पडदा चुकला तर मला कळायला हवं ना, की तो चुकला.” सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बाईला हे तोंडावर ऐकून घ्यावं लागलं.

त्यानंतर येतो जहाजाचा तोल, आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं.

आपल्यापैकी रेवस, मांडवा, थळ, बोडणी या बाजूच्या घरांमध्ये ‘रामदास’ बोटीचं नाव अजूनही हलक्या आवाजात निघतं. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या तोंडावर. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. माझ्या आजीच्या माहेरच्या दोन घरांतली त्यात होती. वाचलेल्यांनी सांगितलेली हकिगत अशी की एका बाजूने लाट आली, पाणी आत घुसलं, लोक घाबरून दुसऱ्या बाजूला धावले, आणि पुढच्या लाटेने बोट आडवी झाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबईला कळायलाही वेळ लागला.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाटायचं, समुद्राचा कोप. आता त्यामागचं गणित समजतं. जहाज पाण्यावर उभं राहतं ते वजन कमी असल्यामुळे नाही, वजन खाली असल्यामुळे. माणसं म्हणजे हलणारं वजन, तेही वरच्या डेकवरचं. टाक्यांतलं पाणी म्हणजे दुसरं हलणारं वजन. परातीत अर्धं पाणी घेऊन चाला, एका बाजूला जरा कललं की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात हातातून सुटते. काठोकाठ बंद डबा असता तर असं झालं नसतं. म्हणून अर्ध्या भरलेल्या टाक्या एकाच वेळी अनेक ठेवायच्या नाहीत. एक भरलेली ठेवायची किंवा रिकामी करायची. आमच्या प्रवासात “डाव्या हाताला व्हेल!” अशी घोषणा झाली की सत्तर माणसं कॅमेरे घेऊन डाव्या बाजूला जात. जहाज अगदी थोडं कलायचं, चहाच्या कपात कळेल इतकंच. त्या वेळी सगळ्यांची नजर समुद्राकडे, मेटची नजर माणसांकडे. कुणी खुर्चीवर चढलं का, लहान मूल रेलिंगवर आहे का. व्हेलपासून १०० यार्ड लांब राहायचा कायदा आहे, तेही तिलाच बघायचं. सबंध आठवड्यात तिने एकही व्हेल नीट पाहिली नसेल.

प्रवासी चढल्या चढल्या पहिलं काम कवायतीचं. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की लाइफ जॅकेट घालून ठरलेल्या जागी जमायचं. मोठ्या जहाजांना पूर्वी ही कवायत प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत केली तरी चालायची. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला लागून कलंडली, ३२ माणसं गेली; त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हापासून नियम बदलला, आता निघण्याआधी किंवा निघता निघताच. आमच्या जहाजावर एक आजोबा म्हणाले, मी पंचवीस क्रूझ केल्यात, मला नको शिकवू. मेट हसून म्हणाली, मग तुम्हीच या बाकीच्यांना जॅकेटचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवा. आजोबांनी उलटा बांधला. तिने त्यांना सगळ्यांसमोर चूक म्हटलं नाही, नुसता पट्टा फिरवून दिला. आपल्या गणिताच्या बाई फळ्यावर असंच करायच्या, आठवतं का?

आता गस्तीबद्दल. लेक रात्री गस्त घालते, म्हणून हे प्रकरण मी जास्त वाचलं. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची डायव्हिंगची छोटी बोट नांगरून उभी होती. ३९ माणसं. प्रवासी खालच्या मजल्यावर झोपलेले. आग लागली आणि ३४ जण गेले, ३३ प्रवासी आणि त्यांच्याबरोबर खाली झोपलेली एक कर्मचारी. वर झोपलेले पाच कर्मचारी वाचले. रात्री एका माणसाने जागं राहून फिरत राहायचं, असा नियम त्या बोटीला लागू होता. त्या रात्री कुणीच फिरत नव्हतं. पुढे कॅप्टनला तुरुंगवासाची शिक्षा झाली. आग नेमकी कशामुळे लागली हे सिद्ध झालं नाही, पण जागं माणूस असतं तर ती लवकर दिसली असती, याबद्दल चौकशी करणाऱ्यांना शंका नव्हती.

माझी लेक दर तासाला इंजिन रूम, स्वयंपाकघर, कपडे वाळवायचं यंत्र, प्रवाशांचे बोळ असं फिरून ब्रिजवर जाऊन मेटला सांगते, सगळं ठीक. रोज रात्री सगळं ठीकच असतं. हेच या कामातलं अवघड आहे. तीनशे रात्री काही न होता तीनशे एकाव्या रात्रीही तितक्याच नीट नाक लावून वास घ्यायचा. माझ्या आईला मी आता सांगते, ती लादी पुसते खरी, पण रात्री सत्तर माणसं तिच्या नाकाच्या भरवशावर झोपतात.

पात्रतेचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. तिची वाट अमेरिकेच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या लहान जहाजांची. कॉलेजची डिग्री लागत नाही. लागतात समुद्रावरचे दिवस. किनाऱ्याजवळच्या लहान जहाजांच्या मेटच्या परवान्याला ३६० दिवस. आठ तासांचं काम म्हणजे एक दिवस, आणि बारा तासांच्या पाळ्या असतील तर एका दिवसाचा दीड दिवस धरतात. तिचे दोन हंगामांत होतील. शिवाय वैद्यकीय तपासणी, त्यात रंग ओळखण्याची चाचणी, कारण लाल आणि हिरवा दिवा वेगळा दिसला नाही तर सगळंच संपलं. अमली पदार्थांची चाचणी, प्रथमोपचार, पोलीस चौकशी झालेलं ओळखपत्र. आणि लेखी परीक्षा. समुद्रावरच्या वाहतुकीच्या नियमांच्या पेपरला पास व्हायला किती लागतात माहीत आहे? ९० टक्के. आपण बोर्डात ३५ वाल्यांना खांद्यावर घेऊन नाचलो होतो. तिथे ८९ म्हणजे नापास. मला ते पटतं. समोरून येणाऱ्या जहाजाला कुठल्या बाजूने जाऊ द्यायचं हे दहापैकी नऊ वेळाच माहीत असलेला माणूससुद्धा मला पुरेसा वाटत नाही.

एक गंमत सांगते. या जहाजांना शंभर टनांच्या आतली म्हणतात. मी पाहिलं तर जहाज चांगलं तीन मजली. इथे टन म्हणजे वजन नव्हे, बंदिस्त जागेचं माप आहे, १०० घनफुटांचा एक टन, आणि कुठली जागा मोजायची नाही याच्या इतक्या सवलती आहेत की जहाज बांधणारे त्यातच बसेल असं जहाज बांधतात. आपल्याकडे बिल्डर बाल्कनीचं करतात तसंच. आणखी एक, अमेरिकेच्या झेंड्याच्या जहाजावर अधिकारी व्हायला तिथलं नागरिकत्व लागतं. ती तिथे जन्मली म्हणून हा रस्ता तिला खुला. मला किंवा तुमच्या मुलांना नाही.

परवाना मिळाला म्हणजे काम येतं का? मला झोप न लागू देणारा अहवाल याच प्रश्नाचा होता. १४ मे २००७, ‘एम्प्रेस ऑफ द नॉर्थ’ नावाचं क्रूझ जहाज, त्याच अलास्कात. २०६ प्रवासी, ७५ कर्मचारी. रात्री दीडच्या सुमाराला ते रॉकी आयलंड नावाच्या खडकाळ बेटाशी वळायला चुकलं आणि खडकावर चढलं. ब्रिजवर अधिकारी म्हणून होता नुकताच अकादमीतून बाहेर पडलेला तरुण थर्ड मेट. त्याच्याकडे परवाना होता, पण अधिकारी म्हणून चालत्या जहाजावरची त्याची ही पहिलीच पाळी. ती वाट त्याने आधी चालवलेली नव्हती, ते जहाज कसं वळतं हे त्याला माहीत नव्हतं. नेहमीचा अधिकारी आजारी होता, म्हणून कॅप्टनने याला उभं केलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, आसपासच्या बोटी धावल्या, सगळे प्रवासी सुखरूप उतरले. चौकशी मंडळाने त्या मुलाच्या अननुभवाबरोबर कॅप्टनच्या निर्णयावरही बोट ठेवलं.

मी तो अहवाल दोनदा वाचला आणि त्या मुलाच्या जागी मला माझी लेक दिसली. बावीस-तेवीस वर्षांची, खिशात नवा परवाना, वरिष्ठ म्हणतात “घे तू आजची रात्र,” आणि “मला ही वाट माहीत नाही” असं म्हणायला जीभ रेटत नाही. नोकरी नवीन, समोर कॅप्टन. किती जणांनी आपल्या पहिल्या नोकरीत असं म्हटलं असेल? माझ्या क्षेत्रात तर नव्या पोराला पहिल्याच महिन्यात रात्रीच्या ड्युटीवर बसवायची पद्धत सर्रास आहे. फरक एवढाच की आमच्याकडे बिघडलेलं मागे घेता येतं.

तिथल्या नियमांत याचं थोडं उत्तर आहे. लहान जहाजाच्या मेटला स्थानिक पायलटशिवाय एखाद्या वाटेवरून जहाज न्यायचं असेल, तर त्या वाटेच्या निदान चार फेऱ्या ब्रिजवर उभं राहून पाहिलेल्या असाव्या लागतात. अंधारात जायचं असेल तर त्यातली एक अंधारातली. म्हणजे परवाना वेगळा आणि वाटेची ओळख वेगळी, हे कायद्याने मान्य केलेलं आहे. आमची मेट बाई लेकीला पाळी संपल्यावरही कधीकधी ब्रिजवर बोलावते, नुसतं उभं राहायला. लेकीची एक वही आहे. प्रत्येक वळणाशी कुठला डोंगर कुठल्या सुळक्याच्या मागे दिसला पाहिजे, त्याची चित्रं. चित्रकलेत ती माझ्यावर गेली आहे, म्हणजे डोंगर ओळखू येत नाहीत, पण तिला कळतात.

मी तिला परत कॉलेजला जा म्हणायचं सोडलं आहे का? नाही. दर पंधरा दिवसांनी म्हणते. पण एक नवीन सुरू केलं आहे. नोकरीच्या मुलाखतीत पगाराआधी काय विचारायचं ते तिला पाठ करून घेतलं: पहिल्या पाळीआधी मला किती फेऱ्या नुसतं बघायला मिळतील, चोवीस तासांत झोप किती मिळते, रात्रीची गस्त कोण घालतं आणि त्याची नोंद कुठे होते, आणि “मी हे घेऊ शकत नाही” म्हणणाऱ्या माणसाचं तुमच्याकडे पुढे काय होतं. शेवटच्या प्रश्नावर ती म्हणाली, “आई, असं कुणी विचारत नाही.” मी म्हटलं, तू विचार. तिने खरंच विचारलं. एका कंपनीच्या माणसाला उत्तर देता आलं नाही. तिथे ती गेली नाही. सध्याच्या जहाजाच्या कॅप्टनने मात्र मागच्या हंगामातली एक खरी गोष्ट सांगितली. तेवढ्यावर मी आठ दिवसांचं तिकीट काढलं होतं.

काल दोघी मैत्रिणींनी आपापल्या मुलांसाठी विचारलं, म्हणून भारतातली वाट थोडक्यात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तिन्हींत मिळून ६० टक्के, इंग्रजीत ५०, दृष्टी चांगली, रंगांधळेपणा नाही. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेशपरीक्षा. मग एक तर तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची बीएस्सी, नाही तर एक वर्षाचा डिप्लोमा आणि नंतर कॅडेट म्हणून दीड वर्ष जहाजावर. नव्या मुंबईतलं टी. एस. चाणक्य आपल्याला जवळचं, पूर्वीच्या डफरिन आणि राजेंद्र या प्रशिक्षण जहाजांची परंपरा तिथे आलेली आहे. त्यानंतर सेकंड मेटची परीक्षा, लेखी आणि तोंडी. तोंडी जास्त अवघड असं सगळे सांगतात. मग पाळीचा अधिकारी म्हणून समुद्रावर पुन्हा काळ काढायचा, आंतरराष्ट्रीय नियमाने किमान १२ महिने, तेव्हा कुठे फर्स्ट मेटच्या परीक्षेला बसता येतं. प्रवासी जहाजावर जायचं तर गर्दी सांभाळण्याचं आणि संकटात माणसं कशी वागतात याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. संस्थेला नौवहन महानिदेशालयाची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्याआधी स्वतः तपासा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. प्रवासी जहाजं आपल्याकडे फार नाहीत. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा आपल्या ग्रुपवर किती फोटो आले होते! कान्होजींचं नाव, अलिबागकरांची छाती फुगली. पुढे ती थांबली. म्हणजे आपल्या मुलांना बहुतेक मालवाहू जहाजांवर किंवा परदेशी क्रूझवर जावं लागेल, हे धरून चाला.

लेकीची परीक्षा जानेवारीत आहे. नियमांच्या सराव परीक्षेत तिला परवा ८७ मिळाले. ती खूश होती, मी तिला टक्केवारीची आठवण करून दिली, आणि तिने फोन ठेवला.

आणखी काही विचारायचं असेल त्यांनी जेवताना विचारा, मी सोलकढीच्या टेबलाजवळच असेन.